कैगा, ऊन, वारा आणि बगॅस: आपल्या गावाचा विजेचा तक्ता कसा मांडायचा

आपल्या बेळगाव भागात विजेचा विषय निघाला की लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते सोलर लावा की सगळीकडं, अणुबिणु कशाला पाहिजे, दुसरी म्हणते उन्हाचं काही खरं नाही, जून लागला की संपलं, खरी वीज कैगाच्या अणुभट्ट्यांचीच. मला वाटतं दोघांचंही अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं कळायला वाद घालून उपयोग नाही, एक ग्राफपेपर, पेन्सिल आणि सुट्टीचा एक दिवस लागतो. अणुवीज आणि ऊन-वाऱ्याची वीज एकत्र कशी बसवायची हे मोठ्या पातळीवर इंजिनिअर लोक बघतातच, पण तेच गणित एका गावापुरतं, एका गल्लीपुरतं किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीपुरतं (लोखंड ओतायच्या कारखान्यापुरतं) आपण स्वतः मांडू शकतो, गुणाकार भागाकार येत असला तरी पुरतं. पंचायतीत असणाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, विज्ञान प्रदर्शनाला विषय शोधणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या सरांनी तर जरूर करून बघा.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट पक्की करा, किलोवॅट वेगळं आणि युनिट वेगळं. नळाला धार किती आहे ते किलोवॅट, बादलीत पाणी किती जमलं ते युनिट. एक किलोवॅटचा जोर एक तास चालला की एक युनिट झालं. पेपरात बातमी येते इतक्या मेगावॅटचा प्रकल्प, आणि लोक मेगावॅटला मेगावॅट लावून तुलना करतात, तिथंच सगळा घोळ होतो. कैगा घ्या. कारवारच्या बाजूला काळी नदीच्या खोऱ्यात, कद्रा धरणाच्या पाण्याला लागून, २२० मेगावॅटच्या ४ अणुभट्ट्या आहेत, एकूण ८८० मेगावॅट. तुमकूर जिल्ह्यातलं पावगडचं सोलर पार्क २,०५० मेगावॅटचं, जवळपास १३ हजार एकरावर पसरलेलं. नुसते मेगावॅट बघितले तर पावगड कैगाच्या दुपटीहून जास्त. आता युनिट काढा. कैगाच्या चारही भट्ट्या पूर्ण जोरात चालल्या तर ८८० गुणिले २४, म्हणजे दिवसाला २ कोटी ११ लाख युनिट. पावगडला पूर्ण जोराच्या उन्हाचे ५ तास धरले तर १ कोटी अडीच लाख. म्हणजे निम्म्याच्या आत. पण म्हणून पावगड वाईट ठरत नाही हां, कारण कैगाच्या पहिल्या दोन भट्ट्यांचं काम १९८९ ला सुरू झालं आणि व्यापारी वीज यायला २००० साल उजाडलं, आणि पावगडचा पहिला टप्पा २०१८ ला सुरू होऊन पुढच्या वर्षाअखेर बहुतेक पार्क उभं राहिलं. एक सावकाश येतं आणि चोवीस तास टिकतं, दुसरं झटपट येतं आणि संध्याकाळी जातं. दोघांची जोडी का लावायची ते इथंच दिसायला लागतं.

आता कागद घ्या. आडवे २४ रकाने करा, रात्री १२ ते परत रात्री १२. उभ्या बाजूला किलोवॅट लिहा. पहिल्यांदा वीज कुठून येते ते अजिबात काढायचं नाही, पहिल्यांदा फक्त आपल्याला किती लागते तेवढंच काढायचं. घराचं असेल तर सोपं आहे, दर तासाला मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, आधीच्या आकड्यातून वजा केला की त्या तासाचे युनिट. हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल कन्नडमध्ये असलं तरी आकडे सगळ्यांना कळतात, आरआर नंबर (आपल्या जोडणीचा नंबर), मागचं रीडिंग, आताचं रीडिंग आणि मंजूर लोड एवढं शोधलं की काम झालं, एखादा शब्द अडला तर शेजारपाजारचं कुठलंही शाळकरी पोर वाचून दाखवतं. गावाचं करायचं असेल तर टीसीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) मीटर आहे का ते लाईनमन अण्णांना विचारा, असला तर फारच चांगलं, नसला तर अंदाज बांधायचा: घरं किती, पिठाच्या गिरण्या किती, पाण्याच्या टाकीची मोटर किती एचपीची आणि कधी चालते, रस्त्यावरचे दिवे, दूध डेअरीचा कूलर, शाळा, दवाखाना. शेतीचे पंपसेट वेगळ्या रंगानं काढा, त्यांचं गणित निराळं आहे, पुढं येतंय.

नमुना म्हणून ५०० घरांचं एक गाव धरू, आकडे मी सोयीचे घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. रात्री १२ ते पहाटे ५, लोक झोपलेले, फ्रीज, पंखे आणि रस्त्याचे दिवे, १२० किलोवॅट. पहाटे ५ ते ९ गिझर, मिक्सर, इस्त्री, टाकीची मोटर, २६०. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ पर्यंत २००. संध्याकाळी ६ ते १० मात्र ३५०, कारण दिवे, टीव्ही, स्वयंपाकघर, दुकानं, गिरणी सगळं एकदम. रात्री १० ते १२ उतरून १८०. बेरीज केली तर दिवसाला ५,२०० युनिट. या आकृतीला दोन उंचवटे दिसतील, सकाळचा छोटा आणि संध्याकाळचा मोठा, आणि जवळपास कुठल्याही गावाची आकृती थोडीफार अशीच येते. तो संध्याकाळचा उंचवटा नीट बघून ठेवा, सगळं भांडण शेवटी तिथंच येतं.

दुसरी पायरी, अणुविजेची रेघ. ती सरळ आडवी काढायची, सगळ्यात कमी मागणीच्या थोडी खाली. आपल्या गावाची सगळ्यात कमी मागणी १२०, म्हणून रेघ १०० वर. म्हणजे चोवीस तासाचे २,४०० युनिट तिथून आले. लोक विचारतात रेघ सरळच का, दुपारी ऊन असताना अणुभट्टी कमी करायची आणि संध्याकाळी वाढवायची, झालं की. तसं सोपं नाही. एक कारण पैशाचं. अणुभट्टीत खर्च सगळा बांधकामात जातो, इंधनाचा खर्च त्या मानानं थोडा, त्यामुळं अर्ध्या जोरात चालवली तर वाचत काही नाही, वीज मात्र अर्धी मिळते. दुसरं कारण भट्टीच्या आतलं आहे आणि ते मला स्वतःला फार भारी वाटतं. युरेनियमचे अणू फुटले की त्यातून आयोडीन-१३५ तयार होतं, आणि त्याचं काही तासांत झेनॉन-१३५ होतं. हा झेनॉन न्यूट्रॉन गिळून टाकतो, आणि न्यूट्रॉनवरच तर भट्टी चालते. भट्टी पूर्ण जोरात असताना झेनॉन तयारही होत राहतो आणि जळूनही जात राहतो, हिशोब सारखा राहतो. जोर एकदम कमी केला की जळायचा थांबतो पण आधीच्या आयोडीनमधून तयार व्हायचा थांबत नाही, त्यामुळं काही तास तो वाढतच जातो. कैगासारखी भट्टी बंद पडली आणि लगेच परत सुरू करता आली नाही तर झेनॉन उतरेपर्यंत एक-दीड दिवस वाट बघायची पाळी येते. फ्रान्समध्ये मागणीप्रमाणं कमीजास्त करता येतील अशा पद्धतीनं अणुभट्ट्या चालवतात, म्हणजे अशक्य नाही, पण त्या भट्ट्यांची जात वेगळी आणि त्यांच्याकडं अणुवीजही भरपूर. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या एका जोरात चालवायच्या म्हणूनच चालवतात, आणि त्यात त्या पक्क्या आहेत. कैगाची १ नंबरची भट्टी मे २०१६ ते डिसेंबर २०१८ अशी सलग ९६२ दिवस न थांबता चालली, त्या वेळचा तो जगातला विक्रम होता. या भट्ट्यांत इंधन चालू असतानाच बदलता येतं, त्यासाठी बंद करावी लागत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण.

कुणी लगेच म्हणेल, आमच्या गावात कैगाची तार कुठं आलीय. बरोबर आहे, वेगळी तार येत नाही. कैगाची वीज दक्षिणेतल्या राज्यांत वाटली जाते आणि ग्रिडमध्ये, म्हणजे सगळ्या केंद्रांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, सगळ्यांची वीज एकत्रच होते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं, तेव्हापासून सगळा देश एकाच ५० हर्ट्झच्या तालावर चालतो. तेव्हा आपला तक्ता म्हणजे कुठली वीज कुठल्या तारेतून आली त्याचा नकाशा नाही, कुठल्या तासाला कुणाच्या भरवशावर आहोत त्याचा हिशोब आहे.

तिसरी पायरी ऊन. एक किलोवॅट सोलर वर्षाची सरासरी धरून दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं. सकाळी सातला हळूच सुरू, बारा-एकला टोकाला, सहाला शून्य, घुमटासारखा आकार. आपल्या गावानं शाळा, पंचायत, सोसायटीचं गोडाऊन आणि लोकांच्या घरांवर मिळून ५०० किलोवॅट बसवलं असं धरा, २,००० युनिट झाले. आता ९ ते ६ मध्ये मागणी २०० आणि त्यातली १०० अणुरेघेनं आधीच भरलेली, म्हणजे सोलरला जागा १०० किलोवॅट गुणिले ९ तास, ९०० युनिट. सकाळच्या उंचवट्यात ७ ते ९ ला अजून शंभरेक युनिट खपतील. उरले किती, हजार युनिट. दुपारी जास्तीचे आणि संध्याकाळी ६ ते १० ला नेमकी २५० किलोवॅट गुणिले ४ म्हणजे हजार युनिटची तूट. आकडे मी घेतलेत म्हणून जुळले, पण चित्र कुठल्याही गावाचं असंच येतं: दुपारी सांडतंय आणि संध्याकाळी कमी पडतंय.

इथं एक प्रयोग कराच. अणुरेघ १०० वरून २०० वर नेऊन बघा. वाटतं जास्त अणुवीज म्हणजे प्रश्न मिटला. पण काय होतं, दुपारची २०० ची मागणी एकट्या अणुविजेनंच भरली, सोलरला दुपारी जागाच उरली नाही, आणि रात्री १२ ते ५ मध्ये मागणी १२० आणि वीज २००, म्हणजे ४०० युनिट मध्यरात्रीसुद्धा वाया. उलट बाजूनं अणुरेघ काढूनच टाका आणि सगळं सोलरवर करायला जा, मग रात्रीचं सगळं साठवणुकीवर आलं आणि बॅटरीचा आकडा छाती दडपेल असा येतो. सगळं सोलर म्हणणारे आणि सगळं अणु म्हणणारे, दोघांनाही मी हा प्रयोग करायला सांगतो. दोघं एकमेकांची जागा खातात ती फक्त दुपारी, आणि दुपारचं जास्तीचं कुठंतरी नेऊन ठेवायची सोय केली की भांडणाचं कारणच उरत नाही.

चौथी पायरी मग तीच, दुपारचं संध्याकाळी न्यायचं. मोठ्या प्रमाणात आजतरी सगळ्यात भरवशाचा मार्ग पाण्याचा. खाली एक तळं, वर एक तळं, दुपारी जास्तीच्या विजेनं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून टर्बाइन फिरवायची. शंभर युनिट घातले की पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. महाराष्ट्रात घाटघरला २५० मेगावॅटचं असं केंद्र चालू आहे. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीकडं अशा प्रकल्पाची आखणी झालीय, आणि ते ठिकाण बघितलं तर कारण कळतं, यल्लम्माच्या डोंगराकडच्या पठारावर पवनचक्क्या, खाली मलप्रभेचं नविलतीर्थ धरण, मोकळं ऊन, सगळं एका जागी. शरावती खोऱ्यात २,००० मेगावॅटचा प्रस्ताव आहे पण तिथं सिंहपुच्छ माकडांचं जंगल जातं म्हणून विरोध आहे, आणि तो विरोध मला रास्त वाटतो, स्वच्छ वीज म्हणून घाटातलं जंगल तोडायला लागलो तर कमावलं काय. सौंदत्तीसारखं उघडं पठार असताना आधी तिकडं बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

साधं जलविद्युत केंद्रसुद्धा हेच काम करतं, थोड्या वेगळ्या तऱ्हेनं. धरणातलं पाणी दुपारी सोडायचं नाही, राखून ठेवायचं, आणि संध्याकाळी सोडायचं. काळी नदीकडं बघा, वर सुपा धरण, मग नागझरीचं सुमारे ९०० मेगावॅटचं केंद्र, मग कोडसळ्ळी, मग कद्रा, आणि कद्राच्याच पाण्यावर कैगाच्या भट्ट्या थंड होतात. एकाच नदीच्या खोऱ्यात चोवीस तास चालणारी अणुवीज आणि काही मिनिटांत चालूबंद करता येणारी पाण्याची वीज शेजारी शेजारी आहेत. शरावतीचं १,०३५ मेगावॅटचं केंद्र आहे तेही तसंच.

आपल्या तक्त्यात हजार जास्तीचे युनिट साठवले तर संध्याकाळी ७५० मिळतील असं धरा. आता बेरीज: अणु २,४००, सोलर थेट १,०००, साठवलेले ७५०, झाले ४,१५०. अजून १,०५० युनिट राहतात, थोडे संध्याकाळी, थोडे पहाटे. ते वारा, पाणी आणि बगॅसकडून (उसाच्या चोथ्याकडून) घ्यायचे, आणि ते कधी कोण देणार यासाठी दुसरा कागद लागतो.

दुसरा कागद बारा महिन्यांचा, आणि आपल्या भागासाठी तोच खरा महत्त्वाचा आहे असं मी म्हणेन. बारा रकाने करा आणि प्रत्येक महिन्याखाली कोण जोरात आणि कोण मलूल ते लिहा. मार्च ते मे ऊन कडक, सोलर जोरात, पण मागणीही जोरात कारण बोअर चालू, पंखे, कूलर चालू, आणि धरणं खाली गेलेली. जून ते सप्टेंबर आपल्याकडं सूर्य दिसणं मुश्कील, त्यातून खानापूर, जांबोटी, कणकुंबी म्हणजे विचारूच नका, एक किलोवॅटला ४ युनिट सोडा, जुलैत दीड-दोनच धरा. पण त्याच महिन्यांत वारा सगळ्यात जास्त, सौंदत्ती, गदग, चित्रदुर्गच्या पवनचक्क्या याच काळात वर्षातली बरीच वीज करतात, आणि धरणं भरत असतात, शिवाय पाऊस पडला की शेतीचे पंप बंद. ऑक्टोबर जरा अडचणीचा महिना, वारा पडलेला, कारखाने अजून पेटायचेत, आणि पाऊस कमी झाला असेल तर पंप चालूच. २०२३ ला आठवत असेल, पाऊस दगा देऊन गेला आणि राज्यात विजेची टंचाई झाली. नोव्हेंबर ते मार्च आपल्या जिल्ह्याचा खास मोसम, चिक्कोडी, निपाणी, संकेश्वर, गोकाक, अथणी पट्ट्यातले साखर कारखाने गाळपाला लागतात, आणि बगॅस जाळून कारखाना आपली गरज भागवून उरलेली वीज ग्रिडला देतो. बगॅसची वीज रात्रीही चालते हे विसरू नका, म्हणजे हिवाळ्याच्या लांब रात्रींना ती नेमकी उपयोगाची.

आता या बाराही रकान्यांत सारखी राहणारी ओळ कुठली, कैगाची. पाऊस असो, ढग असोत, वारा पडो, ती ओळ तिथंच. म्हणून मी तिला तक्त्याचा पाया म्हणतो. फक्त एक खबरदारी घ्या, एखादी भट्टी देखभालीला बंद असते तेव्हा चारातली एक गेली, म्हणजे आपली १०० ची रेघ ७५ वर आली, दिवसाला ६०० युनिट कमी. तो तक्ताही वेगळ्या रंगानं काढून बघा, आणि शक्यतो ती बंदी वाऱ्याच्या महिन्यांत टाकून बघा, किती फरक पडतो ते लगेच कळेल.

आता शेतीचे पंप, मगाशी बाजूला ठेवले होते. ५ एचपीचा पंप म्हणजे ३.७ किलोवॅट, ७ तास चालला तर २६ युनिट. गावात नुसते ४० पंप धरले तरी १४८ किलोवॅट आणि दिवसाला हजाराच्या वर युनिट. हजार हा आकडा ओळखीचा वाटतोय का, दुपारी जास्तीचे तेवढेच तर होते. म्हणजे ४० पंपांना दिवसा थ्री फेज (पंपाला लागणारी वीज) दिली तर साठवायची गरजच नाही, पंचवीस टक्के घटही नाही, पाणी विहिरीतून वर येऊन शेतात गेलं हीच साठवण झाली. आणि हा नुसता विजेचा प्रश्न नाही. रात्री दोनला थ्री फेज आली म्हणून टॉर्च घेऊन उसात जाणाऱ्या माणसाला साप चावतो, खानापूरकडं गवे, अस्वलं, हत्ती समोर येतात, घरातली बाई माणूस परत येईपर्यंत जागी असते. सोलरनं आपल्या शेतकऱ्याला दुसरं काही दिलं नाही आणि फक्त दिवसाचं पाणी दिलं तरी मला ते खूप मोठं वाटतं. म्हणून पंचायतीत असाल तर तुमच्या फीडरला (सबस्टेशनवरून गावाकडं येणाऱ्या लाईनला) थ्री फेज कुठल्या तासांना येते ते लेखी मागवा, तक्त्यावर बसवा, आणि तो तक्ता घेऊनच सेक्शन ऑफिसला जा. केंद्राच्या कुसुम योजनेत शेतीचा फीडरच सोलरवर करायची तरतूद आहे, सबस्टेशनजवळ सरकारी किंवा पडीक जागा असेल तर तो विषय ग्रामसभेत घ्याच. पण मग संध्याकाळसाठी साठवायला काही उरलं नाही हेही तक्त्यात प्रामाणिकपणे लिहा, तिथं नागझरी, शरावतीचं पाणी किंवा बॅटरी आणायला लागेल.

पाण्याच्या टाकीची मोटर आणि पिठाची गिरणी यांचं तर आजच्या आज करता येतं. टाकी पहाटे भरायची सवय आहे ती अकरा ते तीनमध्ये न्या, टाकी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरते. गिरणीवाल्या काकांना विचारून बघा संध्याकाळच्या दळणातलं निम्मं दुपारी घेता येईल का. रेघ खोडून परत काढा, उंचवटा किती बसला ते दिसेल, यात एक रुपयाही खर्च नाही.

फाउंड्रीवाल्यांचं गणित वेगळं. इंडक्शन फर्नेसमध्ये (विजेवरच्या भट्टीत) एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट जातात. दिवसाला ५ टन म्हणजे ३,००० युनिट. हे सगळं स्वतःच्या छतावरच्या सोलरनं करायचं म्हटलं तर ७५० किलोवॅट पाहिजे, आणि किलोवॅटला १०० चौरस फूट धरले तर ७५ हजार चौरस फूट छत, म्हणजे पावणेदोन एकर. उद्यमबागेत एवढी शेड कितीजणांकडं आहे? म्हणून वितळवणीला चोवीस तासाची पक्की वीज लागते, आणि कॉम्प्रेसर, ग्राइंडिंग, वाळूचा प्लांट, मशीनशॉप असलं दिवसाचं काम छतावरच्या सोलरवर टाकायचं. वेळेप्रमाणं दर बदलणारं मीटर असेल तर बिलावर महागडे तास कुठले ते बघा, ते आणि आपला संध्याकाळचा उंचवटा बरेचसे जुळतील, तेवढ्या वेळात वितळवणी टाळता आली तर पैसेही वाचतात. छत पुरत नसेल तर २०२२ च्या नियमांपासून १०० किलोवॅटवरच्या ग्राहकाला बाहेरच्या सोलर-वारा प्रकल्पाची वीज ग्रिडमधून विकत घेता येते, आधी ही मर्यादा १ मेगावॅट होती, तीनचारजणांनी मिळून हिशोब काढण्यासारखा आहे.

घरावर सोलर बसवायचं असेल तर थोडक्यात सांगतो. आरआर नंबर स्वतःच्या नावावर पाहिजे, आजोबांच्या नावावर मीटर असेल तर आधी ते बदलून घ्या, अर्ज तिथंच अडकतो. सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तला ७८ हजार सबसिडी आहे, पॅनल भारतात बनलेल्या सेलचं असेल तरच. तोंड दक्षिणेला, उतार १५-१६ अंशाचा, फणस-नारळाची सावली सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा बघून घ्या. कौलारू घर असेल तर आधी वासे बघा. एप्रिल-मेच्या वळवात विजा पडतात म्हणून अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टरवर पैसे वाचवू नका. आणि ही गोष्ट लोकांना नंतर कळते म्हणून आधीच सांगतो: साधं ग्रिडला जोडलेलं सोलर लाईट गेली की भर उन्हातही बंद पडतं, कारण लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. लाईट गेल्यावर घर चालवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यायला लागते. राज्याच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत तुमचं बिल शून्यच येत असेल तर सोलरचा पैशातला फायदा कमी दिसेल, तेही मोजून मगच ठरवा.

तक्ता घेऊन चार लोकांत बसलात की कैगाच्या भीतीचा प्रश्न येणारच, तो टाळू नका. बेळगाव शहर कैगापासून सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास आहे, खानापूर ८५ च्या, आणि आणीबाणीच्या नियोजनाचा पट्टा १६ किलोमीटरचा असतो. घडलेल्या गोष्टीही सांगा: मे १९९४ मध्ये बांधकाम चालू असताना पहिल्या भट्टीच्या घुमटाचा आतला भाग कोसळला, नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या कामगारांच्या पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला सापडलं. लपवून विश्वास बसत नाही. वापरलेल्या इंधनाचा प्रश्नही खराच आहे, ते पुढं कितीतरी पिढ्या सांभाळायला लागतं. पण दुसऱ्या बाजूला कोळसा ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीनं २०१४ च्या अहवालात सगळं आयुष्य धरून काढलेला आकडा असा: एका युनिटमागं कोळसा ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, मोठं सोलर ४८, अणु १२, जमिनीवरचा वारा ११. आपल्या गावाच्या ५,२०० युनिटना हे आकडे लावून बघा, सगळं कोळशावर असेल तर दिवसाला सव्वाचार टन. मी अणुविजेच्या बाजूनं बोलतो ते या आकड्यामुळं, आणि तिकडच्या गावांतल्या लोकांनी प्रश्न विचारत राहावं यालाही माझा तितकाच पाठिंबा आहे.

तक्ता बरोबर आला का हे तपासायचं असेल तर राज्याच्या लोड डिस्पॅच सेंटरची वेबसाइट उघडा, सध्याची मागणी आणि कुठलं केंद्र किती वीज देतंय ते तिथं चालू असतं. दुपारी एकला आणि परत संध्याकाळी साडेसातला बघा, सोलर कुठं गेलं आणि त्याची जागा शरावती, नागझरीनं किती घेतली ते आकड्यांत दिसेल. जुलैत एकदा आणि जानेवारीत एकदा बघितलंत तर बारा महिन्यांचा कागदही तपासून होईल.

आणि एक कागद कोरा ठेवा. कैगाला ७०० मेगावॅटच्या अजून दोन भट्ट्या मंजूर आहेत, म्हणजे ८८० चे २,२८० होणार. त्या आल्या की आपल्या गावाची रेघही वर सरकवून बघायला लागेल, दुपारची गर्दी अजून वाढलेली दिसेल. पंप दिवसा नेणं, टाकीची मोटर हलवणं, सौंदत्तीच्या पाण्याची साठवण, हे सगळं त्याच्या आधी झालेलं पाहिजे, तेव्हा तो कागद काढताना साठवणुकीचा रकाना आधी भरा आणि रेघ नंतर ओढा.